हीट गन, सागवानी दारं आणि एक नसलेलं बटण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात सकाळी साडेसातला लाइन गेली. माझ्या हातात हीट गन, म्हणजे जुना रंग सोलायला गरम हवा फेकणारं यंत्र, चालू होती, तीही बंद झाली. वीस मिनिटांनी लाइन आली, पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला, गन मात्र गप्प. घेऊन पाचवा महिना. त्याच संध्याकाळी मी हे लिहायला बसले होते आणि एकच तारा देणार होते. आता सप्टेंबरात पुरं करतेय आणि मत बरंच बदललंय. एका गोष्टीवरचं मात्र तेवढंच कडक आहे.

गन नेहमीचीच: २००० वॅट, दोन टप्पे, ३५० आणि ५५० अंश, सोबत चार तोंडं, सहा महिन्यांची वॉरंटी. जानेवारीत नागपुरात बर्डीवरून १,६९० रुपयांना आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर दुकानात याच किमतीच्या ज्या पाच-सहा गन हाताळल्या त्या सगळ्यांत थंड हवेचं बटण नाही हाच दोष निघाला.

घर महालातलं, सासरचं. सात दारं, अकरा खिडक्या, सगळं सागवान. लाकूड बल्लारशाहून आलं होतं असं सासरे सांगतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेलं, तेव्हा ते आमच्या दाराकडे बघून म्हणाले होते, "तेच लाकूड आपण ऑइलपेंटखाली गाडून ठेवलंय." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मिस्त्रीनं रंग काढून पॉलिश करायचे दाराला ३,५०० सांगितले. नुसत्या दारांचेच २४,५०० होतात, खिडक्या वेगळ्या. एवढे पैसे नव्हते, म्हणून स्वतःच करायचं ठरवलं.

आधी रंग काढायचं केमिकल वापरून पाहिलं होतं. अख्खा डबा एका पल्ल्यात संपला, हाताला आग झाली आणि खालचा थर तसाच राहिला. गननं तोच पल्ला दोन सकाळींत झाला. पहिल्याच दिवशी कळलं की काम जोराचं नाही, सबुरीचं आहे. एक नंबरवर ठेवून नळी दोन इंचांवर धरायची, हात सतत हलता ठेवायचा. निखाऱ्यावरच्या पापडासारखा रंग फुगतो. त्याच क्षणी रंग खरवडायची पत्री लाकडाच्या रेषेच्या दिशेनं सरकवली की सगळे थर एकदम सुटून येतात: वर राखाडी, मग आकाशी, मग हिरवा, तळाशी चॉकलेटी. हिरवा सासऱ्यांच्या बहिणीच्या लग्नातला. तो निघाला तेव्हा ते खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले आणि कोणता रंग कोणत्या साली लागला ते सांगत राहिले. चॉकलेटी सुटला की गरम सागवानाचा वास येतो. त्या वासासाठी मी पहाटे पाचला उठत होते.

चौकटीवरच्या कोरीव वेलीत पत्री जात नाही, आणि गेली तर लाकूड ओरबाडते. तिथे बुरडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या तासून वापरल्या. गरम रंग कामटीच्या टोकाला गुंडाळून येतो, लाकडावर ओरखडा उठत नाही. एका फुलाच्या पाकळीला पाऊण तास लागला. ती पाकळी मोकळी झाली तेव्हा तिच्या कडेला कारागिरानं मारलेला पटाशीचा बारीक घाव दिसला, काल मारल्यासारखा ताजा.

दोन नंबर, म्हणजे ५५० अंश, शक्यतो वापरूच नका. लाकूड काळवंडतं हे एक कारण, शिसं हे मोठं कारण. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत, विशेषतः हिरव्या-पिवळ्यात, शिसं आहे असं धरूनच काम करावं. जास्त उष्णतेनं त्याचा धूर होतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं शिशाच्या रंगावर सुमारे ५९३ अंशांच्या वर हीट गन चालवायला मनाई केली आहे, आणि आपल्या गनचा दोन नंबर त्याच्या फार खाली नाही. कोरडा पॉलिश पेपरही मारायचा नाही, धूळ घरभर होते. मी नातवाला त्या दिवसांत लेकीकडेच ठेवलं, कूलर बंद ठेवला, खपल्या पोत्यात भरल्या, फरशी ओल्या फडक्यानं पुसली. मास्क धुळीला अडवतो, धुराला नाही, म्हणून दारं-खिडक्या सताड उघड्या. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय नऊनंतर काम होतच नाही, म्हणून पाच ते नऊ एवढाच वेळ.

वायरिंगचंही बघा. २००० वॅट म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर, तासाला दोन युनिट. आमच्या जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगवरच्या छोट्या सॉकेटचं पहिल्याच दिवशी प्लास्टिक मऊ झालं. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची लाइन ओढून सोळा अँपिअरचा सॉकेट लावला, मगच पुढे गेले.

आता ते बटण. सरकवायचं बटण आहे: शून्य, एक, दोन. थंड हवेचा टप्पा नाही. आत अभ्रकावर गुंडाळलेली तार लाल होते आणि पंखा तिची उष्णता बाहेर ढकलतो. बंद केलं की तार आणि पंखा एकदमच थांबतात, तार मात्र तापलेलीच राहते आणि ती सगळी उष्णता आतच कोंडते. नुसता पंखा दोन मिनिटं चालवायची सोय असती तर हे झालं नसतं. केस वाळवायच्या कित्येक साध्या ड्रायरनासुद्धा थंड हवेचं बटण असतं. चार तोंडं दिली, त्यातली दोन मी अजून खोक्यातून काढलेली नाहीत. त्यांच्याऐवजी हे एक बटण द्यायला हवं होतं.

सर्व्हिस सेंटरवर बिल घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, मिस्त्रीनं वापरली असंन?"

"मीच वापरते. घरचीच दारं आहेत."

"मग पाच महिन्यांत एवढी काळी कशी झाली?" आणि जॉब कार्डवर त्यानं "कमर्शियल वापर" लिहिलं, म्हणजे वॉरंटी गेली. एलिमेंटचे, म्हणजे त्या तापणाऱ्या तारेचे, १,१५० सांगितले. नकार लेखी मागितला तर साहेब नाहीत. तीन खेपा झाल्या. शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. नऊ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: नवी गन घ्या, वीस टक्के सूट देतो. मला सूट नको होती. मी स्वतःच्या घराच्या दारावर काम केलं आणि ते त्यांनी धंदा म्हणून लिहिलं, याचा राग अजून गेलेला नाही. जॉब कार्ड जपून ठेवलंय.

इतवारीत मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणारे एक भाऊ आहेत. त्यांनी माझ्यासमोर गन उघडली. एलिमेंट शाबूत होतं, उडाला होता फक्त थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा तुकडा, पेन्सिलीच्या शिशाएवढा. नवा बसवताना त्यांनी झाळ लावली नाही, पकडीनं दाबून जोडला, कारण झाळकामाच्या उष्णतेनंही तो उडतो. सगळे मिळून १५० रुपये. मी म्हटलं, लाइन गेल्यामुळे झालं ना? ते म्हणाले, "ताई, लाइन तं निमित्त झाली. रोज गरम-गरम बंद करून राहिल्या तुम्ही, हा कधीचाच खचला होता."

मग माहितीपत्रक नीट वाचलं. बंद करण्याआधी खालच्या टप्प्यावर आणा, एवढी एक ओळ आहे. त्या सकाळी चौकटीचा जाड थर सुटेना म्हणून मी दोन नंबरवर होते, हेही खरं. थंड टप्पा असता तरी लाइन गेल्यावर तो चालला नसता, हेही मान्य. पण रोजच्या बंद करण्यातून जी झीज झाली ती त्यानं नक्की वाचली असती. आता बंद केली की लगेच नळी वर करून उभी ठेवते. गरम हवा वर निघून जाते, मोटारीकडे परतत नाही. जूनपासून कुरकुर नाही. म्हणून साडेतीन तारे. दीड तारा त्या बटणाचा कापला, सर्व्हिसचा राग त्यात धरलेला नाही.

खिडक्यांना जपा. माडीवरच्या पिवळ्या काचेला कडेची झळ लागली आणि ती टिचली. तशी काच परत मिळाली नाही. आता पुठ्ठ्याला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून काचेवर धरते.

रंग काढून झाल्यावर जवसाचं तेल दिलं, उकळलेलं. मे-जूनमध्ये एक हात तीन दिवसांत वाळायचा, पावसाळ्यात आठवडा झाला तरी चिकट. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. मी एकदा बोळा डब्यात टाकला आणि तासाभरानं हात लावला तर तो तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम. तेल वाळताना स्वतःच तापतं आणि बोळ्यात ती उष्णता साचून पेट घेऊ शकते. आता फडकी पाण्यात बुडवते किंवा अंगणात एकेक पसरून वाळवते.

महालक्ष्म्यांच्या आधी पुढचं दार पुरं झालं. सासऱ्यांनी कडी-कोयंडा स्वतः घासला. माडीवरच्या तीन खिडक्या राहिल्यात, त्या पाऊस गेल्यावर. गन खोक्यात आहे आणि झाकणाला आतून दोन जास्तीचे फ्यूज चिकटपट्टीनं लावून ठेवलेत.