जॅकेट सोडून विंग घेतली: आठ महिने, ४३ डाइव्ह

स्कूबा डायव्हिंग शिकताना आणि त्यानंतरही बराच काळ मी भाड्याचं जॅकेट वापरत होते. स्वतःचा बीसीडी (हवा भरून किंवा सोडून पाण्यात तरंगणं सांभाळणारा संच; जॅकेट आणि विंग हे त्याचेच प्रकार) घ्यायची वेळ आली तेव्हा खिसे किती, सामान अडकवायच्या डी-रिंग किती, पाठीला गादी कशी आहे हेच बघत बसले होते. आता वाटतं, त्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा होता: पाण्याखाली जायला मला शिशाचं वजन नेमकं किती लागतं?

तो प्रश्न योगायोगाने सुटला. एका डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरलेली असताना माझ्या बडीने (डाइव्हमधल्या जोडीदाराने) पाच मीटरवर मला जॅकेट पूर्ण रिकामं करायला लावलं. मी दगडासारखी खाली जायला लागले. पुढच्या दोन-तीन डाइव्हमध्ये एकेक किलो कमी करत गेलो, तेव्हा कळलं की मी तब्बल तीन किलो जास्तीचं शिसं घेऊन फिरत होते.

हे तीन किलो किती महागात पडतात, ते हवेच्या हिशोबात बघा. तीन किलो जास्तीचं वजन तोलायला बीसीडीत जवळपास तीन लिटर जास्तीची हवा भरावी लागते. २० मीटरवर दाब तीन बार, पाच मीटरवर दीड बार. म्हणजे वर येताना हवा सोडली नाही, तर त्या तीन लिटरचे सहा लिटर होतात, आणि तेही नेमके सेफ्टी स्टॉपच्या (वर येताना पाच मीटरच्या आसपास थांबण्याच्या) वेळी, जेव्हा आपल्याला एका जागी स्थिर राहायचं असतं. माझे स्टॉप कायम डगमगायचे. मी त्याचा दोष श्वासाला देत होते.

म्हणून मी घेतली ती १३ किलो लिफ्टची (तेवढं वजन तोलून धरणारी) विंग, म्हणजे पाठीवरची हवेची पिशवी, तिला धरणारी स्टीलची बॅकप्लेट आणि एकाच सलग पट्ट्याचा हार्नेस. लिफ्ट जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, असं मलाही वाटायचं. पण बीसीडीला दोनच कामं जमायला हवीत. एक, खोलवर दबलेल्या वेटसूटची गेलेली तरंगशक्ती आणि सिलिंडरमधल्या हवेचं वजन भरून काढणं. दुसरं, पृष्ठभागावर सगळा संच तुमच्याशिवायही तरंगता ठेवणं. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला अडीच किलोहून थोडी जास्त हवा असते. पाच मिलिमीटरचा सूट आणि एकच सिलिंडर असेल तर १३ किलो मला पुरून उरतात. जाड सूट किंवा दोन सिलिंडर असतील तर गणित वेगळं. मोठ्या विंगचं रिकामं कापड मात्र पाण्यात फडफडत ओढ वाढवतं.

पाण्याखालचा फरक पहिल्याच डाइव्हला जाणवला. जॅकेट फुगलं की बरगड्या आवळल्या जायच्या. विंगची हवा पाठीवर असते, छाती मोकळी. बॅकप्लेट अडीच किलोच्या आसपास आहे. तेवढं शिसं कमरेवरून निघून फुफ्फुसांच्या मागे गेलं आणि माझे खाली लोंबणारे पाय आपोआप वर आले. आडवं राहण्यासाठी मी इतके दिवस फिन मारत होते, ते थांबलं. हवा कमी लागते असं माझं गेज सांगतं, पण त्यात सरावाचा वाटा किती आणि विंगचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

लाटांवर बोटीची वाट बघताना मात्र जॅकेटची आठवण येते. विंग पूर्ण भरली की ती पाठीतून ढकलते आणि तोंड पाण्याकडे जातं. तोंड वर राहील इतकीच हवा भरायची आणि आरामखुर्चीत टेकावं तसं मागे रेलायचं. पायांमधून जाणारा पट्टा नीट ओढलेला असेल तर संच खांद्यावर चढत नाही. दहा-बारा डाइव्हनंतर हे अंगवळणी पडलं. पृष्ठभागावर घाबरणाऱ्या नवशिक्याला मी आजही जॅकेटच सुचवेन.

हार्नेस बसवायला तीन प्रयत्न लागले. तो कोरड्या टी-शर्टवर बसवू नका, सूट घालूनच बसवा. खांद्याचे पट्टे मी सुरुवातीला घट्ट ठेवले होते आणि बाहेर पडताना हात अडकायचे. तळहात सहज सरकेल इतके सैल केल्यावर ते थांबलं.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगितली नाही. बॅकप्लेट पाण्याखाली टाकून देता येत नाही. सगळं वजन प्लेटमध्येच घातलं, तर अडचणीच्या वेळी टाकायला काही उरत नाही. मी दोन किलो मुद्दाम बेल्टवर ठेवते.

पाचव्या महिन्यात विंगमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण अडकलं. बारा मीटरवर होते, विंग हळूहळू आपणच भरत चाललेली. हवा बाहेर सोडणाऱ्या मागच्या डम्प व्हॉल्व्हची दोरी ओढली आणि दुसऱ्या हाताने इन्फ्लेटरला हवा पुरवणारी लो-प्रेशर होज काढली. ती काढायचा सराव आधी केलेला होता, म्हणून बोटं चुकली नाहीत. घरी बघितलं तर बटणाखाली मिठाचे खडे. मी फक्त बाहेरून धूत होते. आता दर डाइव्हच्या दिवशी इन्फ्लेटरमधून गोडं पाणी आत भरते, हलवते, पिशवी सरळ धरून खालच्या व्हॉल्व्हमधून काढते, बटणं पाण्यात दाबून बघते आणि थोडी हवा भरून सावलीत टांगते. तेव्हापासून त्रास नाही.

खिसे नाहीत, ही कुरकुर मात्र आजही आहे. सरफेस मार्कर (पाण्यावर आपली जागा दाखवणारा फुगा) आणि त्याच्या दोरीची रील मांडीवरच्या वेगळ्या खिशात जातात, आणि तो खिसा बोटीवर चढताना शिडीला अडकतो. आता तो थोडा मागच्या बाजूला लावून बघणार आहे.