रस्ट कन्व्हर्टर: पिकअपच्या चासीवर कुठे कामाला आलं, कुठे नाही

टॅनिक आम्ल असलेलं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावून त्याचा काळा थर बनवणारं द्रावण, घ्यावं का? घ्यावं, पण चासीसाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यासाठी. आणि तीही हातोडीच्या टोल्याला खणखणीत वाजत असेल तरच.

माझा धाकटा भाऊ गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो आणि त्याला असल्या बाटल्यांचं अजिबात कौतुक नाही. "ताई, गंज दिसला की कापायचा आणि नवा पत्रा जोडायचा, त्याला औषधपाणी कसलं?" हे त्याचं ठाम मत. पत्र्याबाबत मला ते पूर्ण पटतं. चासीचं तसं नाही. माझ्या पिकअपचा हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) उतरवला तेव्हा आडव्या पट्ट्या, स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट, रिव्हेटांची डोकी, सगळं लालभडक झालेलं. पण आत पोलाद जाड आणि शाबूत. असं पोलाद कापत बसण्यात अर्थ नाही. आणि वरून बारीक खड्डे इतके पडलेले असतात, की तारेचा ब्रश कितीही फिरवला तरी खड्ड्यांच्या तळाशी गंज उरतोच. त्या उरलेल्या गंजासाठीच हे द्रावण आहे.

बाटलीत पांढरट, पातळ द्रव असतो. त्यात मुख्य घटक दोन: टॅनिक आम्ल आणि पॉलिमर. टॅनिन म्हणजे हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत असतं तेच. ते गंजातल्या लोहाशी जुळतं आणि निळसर काळं फेरिक टॅनेट तयार होतं. पूर्वी हिरडा आणि लोखंड वापरून काळी शाई करत, त्यामागचं रसायनही हेच. पॉलिमर त्यावर पातळ थर धरतो आणि प्रायमरची जागा घेतो. लावल्यावर रंग बदलताना दिसतो: आधी जांभळट, मग अर्ध्या तासाच्या आत काळाकुट्ट. जिथे काळं होत नाही तिथे एकतर गंज नाही, नाहीतर तेलकटपणा राहिला आहे. मला याचा फार उपयोग झाला, कारण कोपऱ्यात राहून गेलेलं ग्रीस लगेच उघडं पडतं.

मेहनत सगळी आधीची. गाडी जॅकवर न ठेवता भक्कम जॅक स्टँडवर घ्यायची, खपल्या हातोडीने आणि खरवडणीने पाडायच्या, मग ग्राइंडरला तारेचा कप लावून घासायचं, शेवटी डिग्रीझरने (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने) धुऊन कोरडं करायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे धुळीसाठी चांगला मास्क आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. मात्र घासून घासून लोखंड चकचकीत करू नका. या द्रवाला पकडायला गंज लागतो. स्वच्छ पोलादावर त्याचा थर नीट बसत नाही आणि पुढे सोलून निघतो.

आणखी एक गोष्ट लेबलवर बारीक अक्षरांत असते, पण ती मोठ्याने सांगायला हवी. द्रव वेगळ्या भांड्यात थोडा ओतून घ्या आणि ब्रश तिथेच बुडवा. उरलेला परत बाटलीत टाकू नका. ब्रशबरोबर आलेला गंज बाटलीतल्या टॅनिनशी तिथेच जुळायला लागतो आणि अख्खी बाटली वाया जाते.

आता उणी बाजू. दोन पत्रे एकमेकांवर चढून स्पॉट वेल्ड झालेले (ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले) असतात, त्या सांध्यात हे पोचत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून फुगून तो सांधा उचकटतो. बाहेरून काळं केलेलं आतल्या गंजाच्या गावीही नसतं. बंद पेटीसारख्या भागांतही तेच. तिथे लांब नळीने आत मारायचं कॅव्हिटी वॅक्स लागतं. आणि जाड खपलीवर लावलं तर फक्त वरचा पापुद्रा काळा होतो, खाली गंज चालूच. बाटलीवर 'गंज कायमचा बंद' असं छापलेलं असतं, ते मला अजिबात मान्य नाही.

फॉस्फोरिक आम्लाचा प्रकारही मी वापरला. तो पाण्यासारखा पातळ, त्यामुळे खड्ड्यांत छान उतरतो, आणि गंजाचं लोह फॉस्फेट करतो. सुट्या, छोट्या भागांसाठी, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, फाळक्याच्या कड्या यांसाठी मला तोच आवडतो. पण त्याचा अंश धुऊन काढावा लागतो, आणि उताणं झोपून अख्खी चासी धुणं फार जिकिरीचं. चासीला टॅनिनवालंच बरं.

रंगाचा विचार बाटली उघडण्याआधी करा. इपॉक्सी प्रायमर मारायचा असेल तर त्याच्या डब्यावरची सूचना आधी वाचा. बऱ्याच इपॉक्सींना खाली आम्लाचा अंश चालत नाही. त्यात मिसळायचा हार्डनर (थर कडक करणारा भाग) नीट काम करत नाही आणि थर मऊ राहतो. कन्व्हर्टरवर मी दुसरा हात दिला, पूर्ण वाळू दिलं आणि वर तेलबेसचा चासी ब्लॅक, म्हणजे चासीचा काळा रंग, मारला. तो घट्ट बसला आहे, नखाने खरवडला तरी निघत नाही. नुसतं कन्व्हर्टर उघडं ठेवून गाडी पावसात काढायची नाही, तो थर तेवढ्या ताकदीचा नाही.

आता कॅबचे खालचे कोपरे राहिलेत. तिथे पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो, म्हणजे ते काम भावाचं.