सांतियागो ते ला इसाबेलिका: गाडी आणि गाइड, एक दिवस (५ पैकी ४ तारे)

फेब्रुवारीत आईला घेऊन क्यूबाला गेले होते. टोरांटोहून जाणारे बहुतेक लोक किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवर आठवडा काढून परततात. मला मात्र पूर्वेकडचं सांतियागो बघायचं होतं, आणि तिथून ग्रान पिएद्राच्या डोंगरातला ला इसाबेलिका हा जुना कॉफीमळा. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीने ओळखीतला एक गाइड ठरवून दिला, गाडीही त्याचीच. शेवटचे दोनेक किलोमीटर निव्वळ चिखल होता, पण आईच्या कमरेला एकही हिसका बसला नाही. त्याचे त्याला पूर्ण मार्क.

घाटातल्या एका वळणावर त्याने गाडी थांबवली आणि पूर्वेकडे हात केला. तिकडे हैती, मध्ये जेमतेम ८० किलोमीटर समुद्र. अठराव्या शतकात ती सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती. जगातली निम्मी कॉफी तिथून यायची आणि ऊस-कॉफीचे मळे धरून साऱ्या वसाहतीत पाच लाखांच्या आसपास गुलाम राबायचे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ते उठले, ऊस जाळला, १७९३ मध्ये त्यांनी गुलामी मोडून काढली आणि १८०४ मध्ये स्वतःचा देश उभा केला. पळालेल्या मळेवाल्यांपैकी हजारो जण सांतियागोत उतरले. काहींनी आपले गुलामही सोबत आणले. तिकडची कॉफी बसली तसे भाव चढले, आणि या डोंगरात मळ्यांमागून मळे उभे राहिले. आज अशा १७१ मळ्यांच्या अवशेषांचा परिसर जागतिक वारसा म्हणून जपला जातो.

ला इसाबेलिका म्हणजे दुमजली दगडी घर आणि त्याच्या पुढ्यात कॉफी वाळवायची मोठमोठी खळी. एका बाजूला दगडी गोल चर, त्यात फिरणारं लाकडी चाक. वाळलेल्या बियांचं टरफल काढायची ही सोय. थेट आपल्या गडांवरच्या चुन्याच्या घाणीसारखी! आई चराच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. कड झिजून गुळगुळीत झालेली. मग वर घराकडे बघून म्हणाली, "अगं, तिथे बसलं की सगळं खळं नजरेत येतं." गाइड मराठीतलं काय समजणार, पण तिच्या हाताची दिशा बघून त्याने मान हलवली.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. मालकाचं एका गुलाम बाईवर प्रेम होतं, तिच्याच नावावरून मळ्याला नाव पडलं, असं सांगतात. गाइडनेही ती प्रेमकहाणी म्हणूनच रंगवली. जिला नाही म्हणायची सोयच नव्हती, तिच्या बाबतीत प्रेम हा शब्द वापरू नये. मी तसं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग आपणहून बोलू लागला. हैती मोकळा झाला, पण त्याने रिकामी केलेली बाजारातली जागा क्यूबाने घेतली. साखरेसाठी आफ्रिकेतून लाखो माणसं इथे आणली गेली, आणि इथली गुलामी संपायला १८८६ उजाडलं. हे तो इतकं हळू आवाजात बोलला, की मी आईला भाषांतर करून सांगताना माझाही आवाज खाली आला.

एक तारा कापला तो जेवणासाठी. त्याच्या ठरलेल्या खानावळीत जवळपास दोन तास गेले. त्यामुळे तुंबा फ्रान्सेसाच्या तालमीला पोचलो तेव्हा शेवटची पंधरा मिनिटंच उरली होती. सँ-दोमँगहून आणलेल्या गुलामांचा हा नाच. पावलं फ्रेंच दिवाणखान्यातली, ढोल आफ्रिकेचे. बायकांच्या डोक्याला रंगीत रुमाल, अंगात पायघोळ झगे. मुख्य ढोलावरची बाई आईपेक्षाही वयाने मोठी असावी. पंधरा मिनिटांत काय होणार!

जाणार असाल तर जेवण डबा बांधूनच न्या आणि तालमीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. डोंगरात गारवा असतो, शाल लागते. ग्रान पिएद्राच्या साडेचारशेवर पायऱ्या आईला जमल्या नाहीत. ती खाली झाडाखाली बसून राहिली, आणि तेवढा वेळ गाइडही तिच्याजवळ थांबला.