क्यूजीआयएस आणि क्यूफील्ड, आठ महिन्यांनंतर: चार खात्यांच्या लाईनी एका नकाशावर

मी एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. आमच्या बाजारपेठेतल्या रस्त्याखाली पाण्याची लाईन, विजेच्या केबल, फायबर आणि आता गॅस असं सगळं दाटीवाटीनं आहे. जेसीबीचा दात लागला की चौघांपैकी कुणाचं तरी फुटतंच. गेल्या गणपतीनंतर आम्ही ही सगळी माहिती एकत्र आणायला घेतली. कार्यालयात संगणकावर नकाशे बनवायला क्यूजीआयएस आणि साइटवर मोबाईलमध्ये त्याचंच जोडीदार ॲप क्यूफील्ड. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, परवान्याचा खर्च नाही. क्यूफील्ड नेटवर्कशिवाय चालतं, हे आमच्या वाड्यावस्त्यांवर फार उपयोगी पडलं.

सॉफ्टवेअर शिकायला तीन आठवडे लागले. चार खात्यांच्या फाईली एकमेकींवर नीट बसवायला पाच महिने गेले, आणि खरा अनुभव तोच आहे.

एकाकडून ऑटोकॅड या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधलं ड्रॉइंग आलं. त्यात अक्षांश-रेखांशाचा पत्ता नाही, कागदाचा डावा कोपरा म्हणजे शून्य. दुसऱ्याकडून केएमएल आली, म्हणजे गूगल अर्थवर उघडते ती फाईल. तिसऱ्यानं शेपफाईल, म्हणजे नकाशाच्या माहितीचा जुना प्रचलित प्रकार, पाठवली, पण व्हॉट्सॲपवर फक्त एसएचपी फाईल. शेपफाईल म्हणजे एक फाईल नसते. एसएचएक्स आणि डीबीएफ सोबत असल्याशिवाय पाइपाचा व्यास, साल, काहीच कळत नाही. शिवाय तिच्यात रकान्याचं नाव 10 अक्षरांपुरतंच बसतं, आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, नीट नसेल तर ‘मारुती मंदिर व्हॉल्व्ह’च्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. म्हणून आम्ही ठरवलं की देवाणघेवाण फक्त जिओपॅकेज या नव्या फाईल-प्रकारात. सगळे थर एका फाईलमध्ये राहतात आणि मराठी शाबूत राहतं.

निर्देशांकांचं तर वेगळंच. जुन्या टोपोशीटवरून (सरकारी भूनकाशांवरून) काढलेल्या रेषा एव्हरेस्टच्या मापावर, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर; पृथ्वीचा आकार धरायची ही दोन वेगळी मापं. तसंच उघडलं तर मुख्य लाईन रस्ता सोडून लोकांच्या घरांखालून जाते. आम्ही सगळं यूटीएम पट्टा 43 मध्ये बदलून घेतलं. यूटीएममध्ये पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजतात. विदर्भातल्या मित्रांनी इथे जपून राहावं: 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, पट्टा 44 लागतो.

आता नानांबद्दल. आमचे निवृत्त व्हॉल्व्हमन. तीस वर्षं चावी त्यांच्याच हातात होती. कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गेला, कोणता उलटा फिरतो, 6 इंची बिडाची लाईन कुठे एसीच्या (ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या) पाइपाला जोडली आहे, हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नाही. सहा सकाळी त्यांच्याबरोबर चाललो. ते पायानं जागा दाखवायचे आणि मी क्यूफील्डमध्ये ठिपका, फोटो, टीप टाकायचो. एका चौकात थांबून म्हणाले, “साहेब, इथं खाली दोन आहेत. एक मेलेला आहे, पण नवा माणूस आधी त्यालाच चावी लावणार.” आठ महिन्यांत इतकी मोलाची नोंद दुसरी झाली नाही.

त्यावरूनच एक रकाना वाढवला: ही माहिती कशावरून? अमेरिकेत एएससीई 38 या मानकात जमिनीखालच्या नोंदींना ए ते डी असे दर्जे देतात. उघडं करून मोजलेलं ते ए, उपकरणानं वरून शोधलेलं बी, जमिनीवरच्या खुणांवरून बांधलेलं सी, नुसत्या जुन्या कागदावरून किंवा तोंडी ते डी. आम्ही तेच घेतलं आणि रंग दिले. नानांच्या नोंदीही डीमध्येच जातात. खड्डा उघडला की वर चढतात. पूर्वी नकाशावरची रेघ दिसली की माणूस विश्वासानं खोदायचा. आता डीची लाल तुटक रेघ दिसली की जेसीबी लांब ठेवून आधी हातानं चाचणी खड्डा घेतात. हा रकाना नसेल तर एकत्र नकाशा करूच नये, असं माझं ठाम मत आहे. चुकीच्या रेषा सुबक दिसतात आणि त्यानं धोका वाढतो.

त्रासही सांगतो. जिओपॅकेज एका वेळी अनेकांनी लिहायला बनलेलं नाही. सामायिक फोल्डरमध्ये फाईल उघडी असतानाच कुणीतरी कॉपी केली आणि आमचं दोन दिवसांचं काम गेलं. दोन मोबाईलवरच्या नोंदींना एकच क्रमांक पडून गोंधळ झाला, तेव्हापासून प्रत्येक नोंदीला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक क्रमांक, देतो. चारपेक्षा जास्त माणसं लिहिणार असतील तर सरळ पोस्टजीआयएस हा अनेकांनी एकाच वेळी वापरायचा डेटाबेस घ्या.

आणि मोबाईलचं जीपीएस. मोकळ्यावर 3 ते 5 मीटर, गल्लीत त्याहून वाईट. पाणी आणि केबल यांच्यात जिथे हातभर अंतर आहे, तिथे ते चालत नाही. साध्या जागी आम्ही दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपनं माप घेऊन लिहितो. मोठ्या जोडांसाठी भाड्यानं अचूक जीपीएस रिसीव्हर आणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्याला, म्हणजे कायम चालू असणाऱ्या संदर्भ-स्थानकांना, जोडला. तिथे सेंटिमीटरमध्ये उत्तर मिळतं.

खोलीचा रकाना अजून बहुतेक रिकामाच आहे. पावसाळ्यापूर्वी बाजारपेठेतल्या चार खड्ड्यांत चारही खात्यांची माणसं एकत्र उतरणार आहेत. नानांनाही बोलावलं आहे.