जुन्या माउझर रायफलीला सिंथेटिक दस्ता: वस्तू जेमतेम, कारागिरी उत्तम

वारशाने आलेल्या रायफलीचा अक्रोडाचा दस्ता मुठीपाशी चिरला, की तो सांधून घ्यावा की त्या जागी नवा सिंथेटिक दस्ता बसवावा, हा प्रश्न पुण्यातील पुष्कळ परवानाधारकांपुढे आज ना उद्या उभा राहतो. आमच्या घरातील रायफल माउझर ९८ या जर्मन पद्धतीच्या ॲक्शनवर (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) इंग्लंडमध्ये बांधलेली, ३०-०६ बोअरची आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या आधीची आहे. शिकारीचे दिवस तो कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांबरोबर संपले; आता तिचा उपयोग अधिकृत रेंजवर नेम धरण्यापुरता आणि परवान्याच्या नूतनीकरणाची आठवण ठेवण्यापुरता उरला आहे. तिच्यासाठी मी अमेरिकी बनावटीचा, साच्यात ओतलेला सिंथेटिक दस्ता घेतला आणि तो कॅम्पातील एका जुन्या परवानाधारक दुरुस्तीशाळेत बसवून घेतला. हे परीक्षण त्या दोन्हींचे आहे. दस्त्याला मी जेमतेम बरा म्हणेन आणि कारागिराला उत्तम. रायफल आज जशी चालते त्याचे श्रेय जवळजवळ सगळे कारागिराकडे जाते.

मुळात लाकूड का चिरले, हे समजून घेतल्याशिवाय नवा दस्ता निवडण्यात अर्थ नाही, कारण तेच कारण शिल्लक राहिले तर प्लास्टिकही फार काळ टिकत नाही. माउझर ९८ मध्ये गोळी सुटताना मागे येणारा धक्का ॲक्शनच्या पुढच्या कड्याखाली असलेल्या एका आडव्या पोलादी उंचवट्याने, म्हणजे रिकॉइल लगने, दस्त्यातील खाचेच्या मागच्या भिंतीवर टेकवायचा असतो. ती भिंत वर्षानुवर्षांच्या तेलाने मऊ झाली की ॲक्शन थोडीथोडी मागे सरकू लागते आणि तिचे मागचे टोक, म्हणजे शेपटी, मुठीच्या लाकडात पाचरीसारखे घुसते. आमच्या दस्त्याला पडलेली चीर नेमकी त्या शेपटीच्या मागून निघालेली होती. बोल्टला सढळ हाताने तेल घालून रायफल कपाटात नळी वर करून उभी ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे; ते सगळे तेल ओघळून याच जागी मुरते. त्यात पुण्याचा पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा उन्हाळा यांमुळे लाकूड फुगते आणि आकसते, पुढचा भाग नळीला कधी टेकतो, कधी सुटतो, आणि जूनमध्ये जमलेला नेम ऑक्टोबरात जागा बदलतो.

सिंथेटिक दस्ते ही काही कालपरवाची टूम नाही. रेमिंग्टन कंपनीने ड्युपाँच्या नायलॉनचा दस्ता असलेली ‘नायलॉन ६६’ ही पॉइंट बावीसची रायफल १९५९ मध्येच बाजारात आणली होती, आणि अमेरिकी मरीन दलाने १९७० च्या दशकात आपल्या एम४०ए१ स्नायपर रायफलीसाठी मॅकमिलनचे फायबरग्लासचे दस्ते स्वीकारले ते लाकूड व्हिएतनामच्या दमटपणात टिकेना म्हणून. परंतु या दोन उदाहरणांतील पदार्थ अगदी वेगळे आहेत, आणि ग्राहकाची फसगत बहुधा इथेच होते. एक प्रकार साच्यात दाबाने ओतलेल्या नायलॉनसारख्या प्लास्टिकचा. तो स्वस्त असतो, आतून पोकळ असतो आणि पुढच्या भागात बोटांनी दाबला तरी वाकतो. दुसरा प्रकार काचतंतूंचे थर हातांनी रेझिनमध्ये बसवून केलेला. तो ताठ असतो, त्याला एपॉक्सी (कालवल्यावर दगडासारखे कडक होणारे चिकट रेझिन) घट्ट धरते, आणि त्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट असते. काही दस्त्यांत ॲक्शन बसण्यासाठी ॲल्युमिनियमचा ठोकळाच ओतलेला असतो. ‘सिंथेटिक’ एवढाच शब्द ऐकून दस्ता मागवणे म्हणजे ‘कापड’ एवढेच सांगून सदरा शिवायला टाकणे होय.

मी पहिल्या प्रकारचा घेतला. दुसऱ्या प्रकारची किंमत परवडण्यासारखी नव्हती, शिवाय माझी रायफल वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघते. परंतु निवडताना जी मापे पाहावी लागली ती सांगण्यासारखी आहेत. माउझर ९८ च्या नावाखाली लांब, मध्यम आणि आखूड अशा निरनिराळ्या लांबीच्या ॲक्शन येतात, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या स्क्रूमधील अंतर प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ‘माउझरसाठी’ या लेबलावर विसंबू नये. लष्करी नळीला पायऱ्या असतात आणि स्पोर्टर, म्हणजे शिकारीच्या रायफलीची, नळी सरळ निमुळती असते. दस्त्यातील नळीची पन्हळ यांपैकी कोणासाठी कोरलेली आहे, ते विचारावे. बोल्टची मूठ सरळ आहे की दुर्बिणीसाठी खाली वाकवलेली, चाप मूळचा आहे की बदललेला, मॅगझिनच्या तळाची झाकणपट्टी बिजागरीची आहे की साधी, या प्रत्येक गोष्टीसाठी दस्त्यात वेगळी जागा लागते. माझ्या रायफलीचा चाप पूर्वी कोणीतरी बदललेला होता आणि त्याची पेटी नव्या दस्त्यात सुमारे दोन मिलिमीटरने अडत होती.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून दस्ता परस्पर घरी मागवण्याच्या फंदात पडू नये. तो परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्यावा. दस्ता बदलताना नळी आणि ॲक्शनवरील क्रमांक यांना हात लागत नाही, ही त्यातली सोय. रायफल दुरुस्तीला ठेवताना परवाना सोबत न्यावा आणि दुकानाच्या नोंदवहीत नोंद करून पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नये. या दुरुस्तीशाळेत ही नोंद आपण न सांगता होते, आणि क्रमांक परवान्याशी दोनदा ताडून पाहिला जातो. मला ते आवडले.

आता कामाविषयी. कारागिराने प्रथम जुना दस्ता उतरवून नव्यात ॲक्शन ठेवली, स्क्रू न आवळता, आणि ती कुठे टेकते ते पाहण्यासाठी पोलादाला काजळी लावली. दस्त्यावर जिथे काळे डाग उमटले तिथे तिथे कानस आणि पटाशी चालवून त्याने जागा केली. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाई करणारा कारागीर इथेच ओळखू येतो, कारण एकदा जास्त कोरलेले प्लास्टिक परत येत नाही. मागच्या स्क्रूभोवती माउझरमध्ये मूळची पोलादी नळकांडी असते. तिच्यामुळे स्क्रू आवळला तरी ॲक्शन आणि चापाची चौकट यांच्यातील अंतर ठरलेले राहते. आमची नळकांडी कधीच हरवलेली होती, आणि स्क्रू दर वर्षी थोडा अधिक आवळला जाऊन लाकूड चेपत गेले होते. त्याने आपल्या लेथवर नवी नळकांडी करून घेतली आणि तिची लांबी अशी ठरवली की मॅगझिनच्या पेटीची वरची कड ॲक्शनला टेकू नये, किंचित मोकळी राहावी. पेटी टेकली तर स्क्रू आवळताना ॲक्शन धनुष्यासारखी वाकते आणि गोळ्या कुठेही जातात. हे कारण त्याने मला न विचारता समजावून सांगितले.

त्यानंतर एपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे ॲक्शनखाली तिच्याच आकाराची कडक बैठक ओतणे. नायलॉनसारख्या प्लास्टिकला एपॉक्सी नीट चिकटत नाही, म्हणून त्याने खाचेत बारीक भोके तिरपी पाडून आणि पृष्ठभाग खरखरीत करून एपॉक्सीला पकड दिली. रिकॉइल लगच्या पुढच्या, बाजूच्या आणि तळाच्या पृष्ठभागांवर चिकटपट्टीचे थर लावून फक्त मागची बाजू उघडी ठेवली, जेणेकरून धक्का एकाच भिंतीवर पूर्ण टेकेल आणि ॲक्शन बाहेर काढताना अडणार नाही. धातूवर सुटे करणारे मेण चढवले, स्क्रूची भोके आणि चापाच्या फटी मातीने बुजवल्या. एवढी काळजी घेतली नाही तर एपॉक्सी कोपऱ्यांत शिरून ॲक्शनला कायमची जखडते आणि मग दस्ता फोडण्यावाचून मार्ग राहत नाही. त्याने हे काम भर एप्रिलमध्ये दुपारी करण्यास साफ नकार दिला आणि सकाळी लवकर केले, कारण उन्हाळ्यातील पुण्याच्या तापमानात एपॉक्सी कालवून होते न होते तोच घट्ट होऊ लागते. नंतर शेपटीच्या मागे सुमारे दीड मिलिमीटरची फट ठेवली, म्हणजे जुन्या चिरेचे मूळ कारणच नाहीसे झाले. स्क्रू टॉर्क रेंचने, आधी पुढचा आणि मग मागचा, साधारण साडेचार न्यूटन-मीटरपर्यंत आवळले.

नळी आता पुढच्या टोकापर्यंत मोकळी आहे; शंभराची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून ॲक्शनपर्यंत विनाअडथळा सरकते. पण पट्टा ताणून नेम धरला, की पुढचा भाग वाकून नळीला टेकतो आणि नोट अडते. हा दस्त्याच्या पदार्थाचा दोष आहे, कारागिराचा नव्हे. त्याने पोकळ भागात कडक भरण घालण्याचा पर्याय दिला होता. मी वजन वाढेल म्हणून तो नाकारला, आणि पट्टा न ताणता वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नेम धरतो, तेव्हा अडचण येत नाही. मोठ्या बोअरला मान्यता असलेल्या रेंजवर १०० मीटरवर जुन्या दस्त्याने साधारण तळहाताएवढा पडणारा गोळ्यांचा घेर आता निम्म्याच्या आसपास येतो, आणि महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्यापूर्वी लावलेली दुर्बीण पावसाळ्यानंतर हलवावी लागली नाही.

दस्त्याच्या इतर उणिवाही नोंदवायला हव्यात. गाल टेकण्याची कड सरळ आणि उंच आहे. दुर्बिणीसाठी ती योग्यच, पण नळीवरच्या मूळच्या लोखंडी माशीतून (नेम धरण्याच्या खुणेतून) पाहायचे तर गाल दाबूनही डोळा पुरेसा खाली जात नाही, त्यामुळे दुर्बीण न लावणाऱ्यांनी हा दस्ता घेऊ नये. मागचा भाग पोकळ असल्याने तो कशावर आपटला की डब्यासारखा वाजतो. रायफलीचे वजन जुन्या दस्त्यापेक्षा लक्षात येण्याइतके कमी झाले आहे, आणि धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ३०-०६ चा धक्का खांद्याला अधिक जाणवतो. सोबत आलेला रबरी पॅड तो पुरेसा शोषत नाही. खांद्यापासून चापापर्यंतची लांबी साडेतेरा इंचांच्या आसपास आहे. आखूड हाताच्या माणसाला ती जास्त होईल, पण पोकळ टोक कापून कमी करणे लाकडाइतके सोपे नाही, कारण पॅडचे स्क्रू धरायला आत काहीच नसते.

प्लास्टिकचा दस्ता आला म्हणजे देखभाल संपली, हा गैरसमज मात्र पुण्यात महागात पडेल. दस्ता पाणी पीत नाही, पण पाणी त्याच्या आणि पोलादाच्या मधल्या फटीत अडकून राहते आणि बाहेरून काही दिसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात ॲक्शन निदान महिन्यातून एकदा उतरवून खालची बाजू पुसावी आणि तेलाचा हात फिरवावा. एपॉक्सीचे बेडिंग असल्याने ती परत नेमक्या त्याच जागी बसते.

दुरुस्तीशाळेबद्दल तक्रार एकच, ती म्हणजे वेळेची. सांगितलेली तारीख उलटून काम बरेच लांबले, आणि फोनवर मिळणारे ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर दर वेळी तेवढ्याच प्रसन्नपणे दिले गेले. मजुरी दस्त्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाली. पण केलेले काम पाहता ती जास्त वाटत नाही, उलट स्वस्त दस्त्यावर इतके कष्ट घ्यायला अनेक कारागीर तयारच होत नाहीत. बिलात बेडिंग, नळकांडी आणि कोरीव काम यांची रक्कम वेगवेगळी लिहून मिळाली.

नळीवर रिग्बी किंवा वेस्टली रिचर्ड्स यांच्यासारख्या नामांकित इंग्रज बंदूककारांचे नाव कोरलेले असेल, तर मात्र सिंथेटिक दस्त्याचा विचारही करू नये. त्या रायफलींचे मोल मूळ लाकडासकट आहे, आणि चिरलेला अक्रोड आतून एपॉक्सीने सांधून, लगच्या मागे नवी भिंत घालून बहुतेक वेळा वाचवता येतो. याच कारागिराने माझा जुना दस्ताही तसा सांधता येईल असे सांगितले होते आणि नव्या दस्त्याच्या विक्रीत त्याचा फायदा असूनही तोच मार्ग आधी सुचवला होता. मी तो दस्ता तेल पुसून, शिंगाचे टोक आणि पट्ट्याच्या कड्या न काढता, सुती कापडात गुंडाळून ठेवला आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमटपणा साचून बुरशी येते, हेही त्यानेच सांगितले. सांधण्याचे काम येत्या हिवाळ्यात त्याच्याकडेच देणार आहे, या वेळी तारीख लेखी घेऊन.