बेसचा पेडलबोर्ड: मल्टी, चेन की आयसोलेटेड सप्लाय?

गेल्या आठवड्यात सांगलीच्या विश्रामबागेतला एक पोरगा बेस गिटारला जोडायची पाच पेडल (पायाने दाबायचे छोटे डबे) पिशवीत घालून घरी आला. ट्यूनर (सूर जुळवायला), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), ऑक्टेव्हर (खालच्या सप्तकातला स्वर जोडणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा). वर्षभरात एकेक करून जमवलेली. "काका, आता ही सगळी मांडायला बोर्ड बनवायचाय. लाकडाचा करू की अॅल्युमिनिअमचा?" मी विचारलं, वीज कशाने देणार? त्याने पिशवीच्या तळातून वायफाय राउटरचा जुना अॅडॅप्टर काढला.

तो मी आधी काढून घेतला. राउटरचे अॅडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि पिनच्या मध्यभागी प्लस असलेले. आपली पेडल बहुतेक सगळी ९ व्होल्ट डीसी, आणि मध्यभागी मायनस. गोची अशी की पिन तीच, बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आतून २.१. भोकात सहज बसते. काही पेडलांत उलट्या करंटसाठी डायोड असतो, काहींत नसतो, आणि कुठल्यात आहे हे वासावरून कळायची वेळ येऊ नये. अॅडॅप्टरच्या स्टिकरवर गोलाची छोटी खूण असते, त्यात मधला ठिपका वजाला जोडलेला हवा. व्होल्ट जुळायलाच हवेत. मिलिअँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात. घरातल्या सॉकेटमधून १५ अँपिअर मिळतात म्हणून झीरोचा बल्ब जळत नाही. पेडल लागेल तेवढंच ओढतं.

मग बसून त्याला पेडलांना वीज द्यायच्या तिन्ही वाटा सांगितल्या. मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नं, गणपतीतले कार्यक्रम, जत्रा, कधी भावे नाट्यमंदिरासारखं नीट थिएटर. स्टुडिओत बसणाऱ्याचं गणित वेगळं निघेल.

आधी बेसवाल्याचं एक खास दुखणं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर जो जी वाजतो, तो ४९ हर्ट्झ. मोकळी जी तार ९८, आणि अॅडॅप्टरमधून नीट न गाळलेली घरघर बहुतेक १०० वर. म्हणजे लाइनची घरघर तुमच्या जीच्या बरोबर मांडीला मांडी लावून बसते. लांब जी धरला की आवाज सेकंदाला एकदा-दोनदा हेलकावे खातो, आणि आपण उगाच ट्यूनरवर पाय मारत राहतो. मिरजेत तंबोरा जुळवताना ज्याने खर्जाच्या लहरी ऐकल्यात त्याला हे चटकन कळेल. दोन स्वर जवळ आले, पण एक झाले नाहीत, की अशीच लाट येते. गिटारवाल्याचं निम्मं वादन या पट्टीच्या बरंच वर चालतं, त्याला ही घरघर बाजूला ऐकू येते. आपल्या मात्र सुरातच मिसळते. म्हणून गिटारवाले "एवढा हम चालतो रे" म्हणतात तेव्हा त्यांचं ऐकू नका.

आता पहिली वाट, मल्टी. झूमचा बी-१ फोर किंवा बॉसचा जीटी-१बी घ्या, बाकी सगळं विसरा. एक डबा, एक अॅडॅप्टर, आत सगळे इफेक्ट. बी-१ फोरमध्ये एका वेळी पाच इफेक्ट लागतात, म्हणजे त्या पोराची अख्खी पिशवी आली. पेडलापेडलांत घरघर व्हायला जागाच नाही, कारण मधे वायरच नाहीत. दोन्ही डबे चार पेन्सिल सेलवरही चालतात, आणि हे जत्रेत फार कामाला येतं. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत अॅम्प मुका असतोच, पण लाइट आल्यावर अॅनालॉग पेडल (आत कॉम्प्युटरसारखी चिप नसलेलं) त्याच क्षणी बोलतं. मल्टी अॅडॅप्टरवर असेल तर आधी स्क्रीनवर नाव-गाव दाखवत बसतो. कडेगावकडच्या एका कार्यक्रमात ढोलकी सुरू झाली, ऑर्गन आला, आणि मी डब्याकडे बघत उभा. तेव्हापासून मल्टी नेला तर सेलवरच.

उणं एवढंच की चालू गाण्यात ओव्हरड्राइव्ह जरा कमी करायचा तर वाकून मेनू शोधावा लागतो. आणि या दोन्ही डब्यांना मिक्सरला थेट जाणारं एक्सएलआर आउट (माइकसारखं तीन पिनांचं) नाही, डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) वेगळा लागतो. साउंडवाल्याकडे असेल म्हणून जाऊ नका. असतो तो की-बोर्डला लावलेला असतो.

दुसरी वाट, डेझी चेन. एकच अॅडॅप्टर, त्याला पाच-सहा पिनांची माळ. सगळ्यात स्वस्त. ट्रूटोनचा वन स्पॉट हे यातलं नावाजलेलं उदाहरण: १०० ते २४० व्होल्टवर चालतो, ९ व्होल्टला १७०० मिलिअँपिअर देतो. अॅनालॉग कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस यांची भूक साधारण ५ ते ३० मिलिअँपिअर, दिव्यांचा ट्यूनर त्याहून थोडा जास्त खाईल. तेव्हा करंट कमी पडायचा प्रश्न नाही. तीन-चार अॅनालॉग पेडल असतील तर चेन पुरते. महागडा सप्लाय घ्यायलाच हवा असं कोणी म्हणालं तर तो दुकानदार असावा.

भानगड सुरू होते डिजिटल पेडल आलं की. डिले, रिव्हर्ब (घुमारा देणारा), लूपर (वाजवलेलं परत परत ऐकवणारा) यांच्या पोटात क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारं सर्किट, चालतो, आणि ही पेडल १०० ते ३०० मिलिअँपिअर ओढतात. त्यांचा बारीक कीं-कीं आवाज सामाईक वायरीवरून शेजारच्या पेडलात शिरतो, आणि ते शेजारी ओव्हरड्राइव्ह असलं की ते इमानदारीने तो मोठा करून देतं. शिवाय सगळ्या पेडलांचा मायनस दोन वाटांनी जोडला जातो, एकदा चेनमधून, एकदा पेडल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलच्या जाळीतून. दोन वाटा म्हणजे एक मोठा वळसा, आणि बाजूने लाइटिंगची केबल गेली की तो वळसा अँटेनाचं काम करतो. जुन्या पद्धतीचे जर्मेनिअम ट्रान्झिस्टरवाले फझ (आवाज पार फाडणारी पेडल) तर चेनला लावूच नका. त्यांतल्या बऱ्याच पेडलांत प्लस हाच ग्राउंड असतो, तिथे थेट शॉर्ट होतो.

यातला गरिबाचा तोडगा मी तीन वर्षं वापरला: अॅनालॉग सगळी चेनवर, डिजिटल एकटं त्याच्या स्वतःच्या अॅडॅप्टरवर. ऐंशी टक्के काम होतं. फक्त मांडवातल्या एक्स्टेंशनवर दोन जागा मिळवायला वादावादी करावी लागते, कारण तिसरीत कोणाचा तरी मोबाइल असतोच.

तिसरी, आयसोलेटेड सप्लाय. प्रत्येक पेडलाला वेगळा आउटपुट, आणि त्या आउटपुटांचे मायनस आतून एकमेकांना जोडलेले नसतात. किंमत एक-दोन चांगल्या पेडलांएवढी, म्हणून सगळे टाळतात. यात दोन जाती. एक वजनदार ट्रान्सफॉर्मरवाली, व्हूडू लॅबचा पेडल पॉवर २ प्लस त्यातला प्रसिद्ध, आठ आउटपुटांचा. आवाज एकदम शांत. पण असा सप्लाय ठरावीक व्होल्टेजसाठीच बांधलेला असतो. अमेरिकेतून आतेभावाने आणलेला १२० व्होल्टचा तुकडा आपल्या २३० ला लावला की संपला. दुसरी जात एसएमपीएस (मोबाइलच्या चार्जरसारखं स्विचिंग सर्किट), हलकी, १०० ते २४० व्होल्ट खाणारी. सांगलीतून निघून जत, आटपाडीकडे वाजवायला जाणाऱ्याला मी दुसरीच सांगेन. वायरीच्या शेवटच्या टोकाला, मांडवभर हॅलोजन पेटलेले असताना, सॉकेटमध्ये २३० असतीलच असं नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय आधी मान टाकतो, एसएमपीएस तग धरतो. जनरेटरच्या चढउताराचंही तेच.

विकत घेताना डब्यावरच्या 'आयसोलेटेड' या शब्दावर विश्वास ठेवू नका. मीही एकदा ऑनलाइन दहा आउटपुटांचा स्वस्त डबा मागवला होता, घरी उघडला तर आत चेनच, फक्त डब्यात घातलेली. मल्टिमीटर न्या. सप्लायची मेन वायर काढून ठेवा, मीटर बीपवर लावा, दोन आउटपुटांच्या पिनांच्या मधल्या भोकात, जिथे मायनस असतो, दोन टोकं टेकवा. बीप वाजला तर मायनस सामाईक आहे, परत करा. शिवाय प्रत्येक आउटपुटवर किती मिलिअँपिअर छापलेत ते वाचा. सगळे १०० चे असतील आणि तुमचा डिले २५० मागत असेल, तर तो अडखळत चालेल किंवा सुरूच होणार नाही.

कोणताही सप्लाय एक गोष्ट करू शकत नाही: मांडवातलं न दिलेलं अर्थिंग तो आणून देणार नाही. तारांना हात लावला की माइकजवळ ओठाला झिणझिण्या येत असतील तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरघर जावी म्हणून अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. पिनेला हात लावू नका.

९ व्होल्टच्या चौकोनी सेलचं थोडक्यात: एखाद्या कमी भुकेच्या ओव्हरड्राइव्हला उत्तम, पूर्ण शांत. फक्त इनपुटला जॅक लावून ठेवला की पेडल बंद दिसलं तरी सेल संपत राहतो. पॉवर बँकेला ९ व्होल्टची केबल लावून काहीजण वाजवतात, मला जमलं नाही. दोन अॅनालॉग पेडलांची भूक इतकी कमी की बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' असं समजून मधेच झोपतात. आणि शेवटचं पेडल प्रीअॅम्प-डीआय असेल, एमएक्सआरचा एम-८० किंवा टेक २१ चा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर, तर तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सर माइकच्या केबलमधून देतो ती वीज) चालतो. एक आउटपुट वाचला. फँटम चालू करण्यापूर्वी साउंडवाल्याला चॅनेल म्यूट करायला सांगा, नाहीतर सबवूफरचा एवढा धडाका होईल की पुढच्या रांगेतली पोरं रडतील.

लाकूड की अॅल्युमिनिअम? खरं सांगू, काहीही. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे सेक्शनचे तुकडे पडलेले असतात, चार पट्ट्या बोटभर अंतर सोडून रिव्हेट मारून घ्या, फटीतून वायरी खाली जातात आणि सप्लाय पोटाशी बसतो. १२ मिलिमीटरचा प्लायही चालतो, पण मोटरसायकलवर मागे धरणाऱ्याला जड होतो. पेडलाखाली वेल्क्रो. विजेच्या वायरी एका कडेने, आवाजाच्या दुसऱ्या कडेने, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. क्रम: ट्यूनर, ऑक्टेव्हर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिले. ऑक्टेव्हरला स्वच्छ एकेक स्वर लागतो, ओव्हरड्राइव्हनंतर ठेवला की तो गोंधळून घोगरं काहीतरी बोलतो. ओव्हरड्राइव्ह घ्याल तो मूळ आवाज मिसळायचं बटण असलेला घ्या, बॉसच्या ओडीबी-३ वर आहे तसा. नाहीतर गाण्याखालची जमीनच जाते.

त्या पोराला मी विचारलं, डिले वाजवतोस कुठे? आठवून म्हणाला, एका गाण्यात, तेही घरी. डिले काढला तर उरतात चार कमी भुकेची, चेनवर सुखाने चालतील, आणि नुसतं लग्नात वाजवायचं तर मी तेच सांगितलं असतं. पण त्याला पुढे रिव्हर्ब आणि लूपर घ्यायचेत, बँड करायचाय, म्हणजे डिजिटल वाढणार. अशाने आज चेन घेतली तर वर्षभरात दोनदा पैसे. शेवटी त्याने डिले विकायला काढलाय आणि त्यात थोडी भर घालून एसएमपीएसवाला आयसोलेटेड मागवतोय. मीटर माझा घेऊन गेलाय. राउटरचा अॅडॅप्टर माझ्याकडेच आहे, त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय.