साठीच्या अलीकडं-पलीकडं ॲडव्हेंचर बाईक: हिमालयन ४५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर एक्स, व्हीस्ट्रॉम एसएक्स का जुनी ४११?

"कोणती घेऊ" असं विचारणाऱ्यांत आता कॉलेजची पोरं कमी अन् रिटायरमेंटला आलेले जास्त झालेत. ग्रॅच्युइटी हातात आलेली असते, पोरगं पुण्याला सेटल, डोक्यात लडाख, अन् घरी अजून सांगितलेलं नसतं. मी पण साठीला टेकलोय, लातूरला राहतो, आधी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ होती आता तिचीच नवी हिमालयन ४५० आहे, बाकीच्या दोन दोस्तांच्या आहेत अन् त्या मी आपल्याच समजून चालवतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, फोनवर दर वेळी तेच सांगून घसा बसायलाय.

माझं मत आधीच सांगतो. या वयात गाडी चालताना कशी वाटते याच्यावर ठरवायला जाल तर फसाल, कारण चालताना चारही मस्तच वाटतात. पंचरच्या दुकानासमोर खडीवर, तिरप्या पार्किंगमध्ये, धाब्यावरून मागं ढकलत काढताना कशी वाटते ते बघा. गाड्या पडतात त्या नव्वदच्या स्पीडला नाही, शून्याच्या स्पीडला.

आता कागदावरचं. हिमालयन ४५० म्हणजे ४५२ सीसी, ४० पीएस (ही इंजिनची ताकद, बीएचपी पण जवळपास तेच), ४० एनएम (हा ओढायचा जोर, टॉर्क), पेट्रोल भरून वजन १९६ किलो, टाकी १७ लिटरची. केटीएम ३९० ॲडव्हेंचर एक्स ३९९ सीसीची, ४६ पीएस, ३९ एनएम, १८२ किलो, टाकी साडेचौदा. सुझुकी व्हीस्ट्रॉम एसएक्स २४९ सीसी, साडेसव्वीस पीएस, २२ एनएम, १६७ किलो, टाकी १२. अन् जुनी हिमालयन ४११, जी २०१६ ला आली अन् २०२३ च्या शेवटी ४५० आल्यावर बंद झाली, ती साधारण २४ बीएचपी, ३२ एनएम अन् वजन १९९ किलो, म्हणजे चौघींत ताकद सगळ्यात कमी अन् वजन सगळ्यात जास्त. तरी सेकंडहँडला अजून मागणी आहे, का ते पुढं येईलच.

सीटच्या उंचीचा आकडा लोक सगळ्यात आधी विचारतात अन् सगळ्यात चुकीचा अर्थ काढतात. व्हीस्ट्रॉमची सीट ८३५ मिलिमीटर, चौघींत उंच. हिमालयन ४५० ची ८२५, वर करून ८४५, अन् लो सीट वेगळी घेतली तर ८०५. केटीएम एक्स ८२५. ४११ ची ८००. आकड्यावर गेलात तर व्हीस्ट्रॉम बाद व्हायला पाहिजे, पण माझा दोस्त साडेपाच फुटाचा आहे अन् तो तीच गाडी भाजी मंडईत पण नेतो. तिचे १६७ किलो एका पायाच्या चवड्यावर तोलता येतात, १९६ ला तोच चवडा थरथरायला लागतो. फरक २९ किलोचा, म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी अन् वर थोडं. हे वजन गाडी सरळ उभी आहे तोवर जाणवतच नाही, ती दहा-पंधरा अंश कलली की एकदम जाणवतं, अन् मग तिला धरायला जायचं नाही, सोडून बाजूला व्हायचं. गाडीचा लिव्हर दोन-चारशेत येतो, खुबा येत नाही.

पडलीच तर उचलायची कशी हे घेण्याआधीच शिकून घ्या, कोणाच्या तरी जुन्या गाडीवर. इंजिन बंद करा, गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवा म्हणजे उचलल्यावर पलीकडं जाणार नाही, गिअरमध्ये टाका, मग गाडीकडं पाठ करून कंबर सीटला टेकवायची, एका हातानं पूर्ण वळवलेल्या हँडलची जमिनीजवळची मूठ, दुसऱ्या हातानं मागचं कॅरिअर किंवा फ्रेम धरायची, पाठ ताठ, अन् पायांनी मागं मागं छोटी पावलं टाकत ढकलत न्यायचं. समोरून वाकून उचलायला गेलात की मणका गेलाच म्हणून समजा. या पद्धतीनं मी ४५० सपाट रस्त्यावर उचलतो. काळ्या रानात चिखलात नाही उचलत, तिथं पायच धरत नाहीत, कोणीतरी येईपर्यंत तंबाखू मळत बसायचं.

चढायचं पण असंच आहे. मागं टॉप बॉक्स, दोन्ही बाजूला पॅनिअर म्हणजे सामानाच्या पेट्या लागल्या की पाय मागून फिरवून टाकणं आपल्या गुडघ्याला अन् खुब्याला जमत नाही. मग साईड स्टँडवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, डावा पाय फुटरेस्टवर, दोन्ही हात हँडलवर, उभं राहून उजवा पाय सीटवरून पलीकडं. हे ४५० वर नीट होतं, जमीन कडक असली तर. मऊ मातीत स्टँड रुतला की तुम्ही अन् गाडी दोघंही डावीकडं, म्हणून स्टँडखाली घालायला रुंद पत्र्याची चकती लावून घ्या. अन् ते लोखंडी क्रॅशगार्ड, ॲल्युमिनियमच्या पेट्या, त्यात दोन लिटर पाणी अन् टूलकिट, हे करता करता वीस-पंचवीस किलो सहज वाढतं. कपड्याच्या सॅडलबॅगा पुरतात हो.

ताकदीचं बोलू. पोरं म्हणतात २५० हायवेला कमी पडते. कोणत्या हायवेला? समृद्धी दुचाकीला बंदच आहे, जालन्यावरून गेला काय अन् संभाजीनगरवरून गेला काय, आपल्याला वरच्या पुलावरून बघायचा. आपण जातो ते धाराशिव, बीड, गेवराईवरून संभाजीनगरला जाणाऱ्या ५२ नंबरनं, नाहीतर तुळजापूर, लातूर, अहमदपूर, नांदेड या ३६१ नंबरनं. रस्ते आता चांगले झालेत पण दर दोन-चार किलोमीटरला गाव, दुभाजक फोडून केलेली वाट, राँग साईडनं येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली, अन् साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या ज्यांना मागं लाईट सोडा, रेडियम पण नसतं. इथं ऐंशी-नव्वदच्या वर जायचंच कशाला. अन् तेवढ्याला व्हीस्ट्रॉम आरामात चालते. कमी पडते ती कुठं, तर दोघं जण बसून सामान लावून मांजरसुंब्याचा घाट चढताना किंवा ट्रकला ओव्हरटेक करताना, तिथं एक गिअर खाली टाकावाच लागतो अन् इंजिन ओरडतं.

४५० ला तसं होत नाही पण एक गोष्ट शोरूमवाला सांगत नाही, खालच्या आरपीएमला ती जुन्या ४११ सारखी ढकलत नाही. ४११ चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडनं गावातून निघते अन् तशीच पुढं ओढत जाते, क्लच-गिअर कमी, डाव्या मनगटाला आराम. ४५० चा जोर वर आहे, गावात गिअर बदलत राहावं लागतं, हायवेला मात्र शंभरला एकदम शांत, जिथं ४११ थरथरून हाताला मुंग्या आणते. म्हणजे ज्याला हायवे जास्त त्याला ४५०, अन् ज्याला किनवट, माहूर, सहस्रकुंड, आतले आतले रस्ते निवांत फिरायचेत अन् उंची कमी आहे त्याला चांगली ठेवलेली ४११ अजून पण वाईट नाही.

केटीएमचं काय सांगू, गाडी म्हणून चौघींत तीच सगळ्यात हुशार. ब्रेक, वळणं, पिकअप, सगळं. पण ती तुम्हाला गप्प बसू देत नाही. मी दोस्ताची घेऊन निलंग्याला गेलो तर येताना माझ्यातला पंचवीस वर्षांचा माणूस जागा झाला होता अन् त्याला झोपवायला मला औश्यापर्यंत वेळ लागला. स्वतःवर ताबा असेल तर घ्या, मनापासून सांगतो. नसेल तर बायकोला विचारा, तिला बरोबर माहीत असतं.

ऊन हा वेगळाच विषय. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, अन् ४५०, केटीएम दोन्ही लिक्विड कूल्ड, सिग्नलला थांबलात की फॅन सुरू होतो अन् गरम हवा पायावर. नायलॉनची ट्रॅकपँट घालू नका. व्हीस्ट्रॉमचं इंजिन ऑईल कूल्ड अन् लहान, तिचा त्रास कमी. तसं पण एप्रिल-मेमध्ये अकराच्या आत पोचायचं अन् चारनंतर निघायचं, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्तच पाळा, अन् पाणी कमी प्यायचं नाही, लघवीला थांबावं लागतं म्हणून आपल्या वयाचे लोक पाणी पीत नाहीत अन् मग चक्कर येते.

चाकाकडं नीट बघा, कारण आपल्याकडं वेडी बाभूळ आहे. व्हीस्ट्रॉम अन् केटीएम एक्स या दोन्हीला पुढं १९ इंची अलॉय, ट्यूबलेस, काटा घुसला तर वीस मिनिटात स्ट्रिप लावून मोकळे. दोन्ही हिमालयनला पुढं २१ इंची चाक, ४११ ला ट्यूब. ४५० आली तेव्हा ट्यूबच होती, नंतर ट्यूबलेस स्पोकचा ऑप्शन आला, सेकंडहँड ४५० बघत असाल तर हे आधी विचारा. २१ इंची चाक उन्हात रस्त्यावर खोलायचं, टायर लिव्हरनं ट्यूब काढायची, हे यूट्यूबवर छान दिसतं. २१ इंचीचा फायदा खड्ड्यात अन् दगडात आहे, खरा आहे, नाकारत नाही. पण काळ्या मातीत पाऊस पडल्यावर १९ असो का २१, कुठलीच गाडी ॲडव्हेंचर राहत नाही, चिखल टायर अन् मडगार्डच्या मधी बसून चाक जाम होतं. पावसाळ्यात पांदीच्या रस्त्यानं शेतात जायला जुनी स्प्लेंडरच घ्या.

मागं बसणाऱ्याचं कोणी लिहीत नाही. जोडीनं तुळजापूरला नाहीतर अंबाजोगाईला जायचं हा बेत बहुतेकांचा असतो. या चारही गाड्यांची मागची सीट पुढच्यापेक्षा उंच, साडी नेसून एका बाजूला बसायचं तर पॅनिअर लावता येत नाही अन् पॅनिअर लावला तर बसता येत नाही, अन् गुडघेदुखी असेल तर तिथं चढणं म्हणजे रोज स्टूल सोबत न्या. जोडीनंच जास्त फिरणार असाल तर ॲडव्हेंचरचा नाद सोडून एनफिल्डचीच मीटिओर ३५० बघा, सीट ७६५, वजन मात्र १९१. हे ऐकून दोन जण माझ्यावर नाराज झाले, दोघांच्याही घरातून मला धन्यवाद आले.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला अन् ३५० च्या वर ४० टक्के. त्यामुळं हिमालयन ४५० एक्स-शोरूमच तीन लाखांच्या पुढं गेली अन् व्हीस्ट्रॉम दोनच्या आसपास आली. इन्शुरन्सला पण तीच रेष आहे, २०२२ ला ठरलेल्या दरांत थर्ड पार्टी १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४, अन् नव्या गाडीला पाच वर्षांचं एकदम भरावं लागतं, ७,३६५ अन् १५,११७. लाखभर रुपयांच्या फरकात चांगलं हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, बूट अन् वर दोन-तीन मोठ्या ट्रिपा निघतात. सर्व्हिसला एनफिल्ड सगळ्यात सोपी, सेंटर नसलं तरी हात लावणारा मेकॅनिक सापडतो, बाकीच्या दोघींचं तुमच्या जिल्ह्यात सेंटर कुठं आहे ते पैसे भरायच्या आधी स्वतः जाऊन बघा.

लायसन बघितलं का? ५५ नंतर काढलं किंवा रिन्यू केलं तर पाचच वर्षांचं मिळतं अन् ४० च्या पुढं डॉक्टरचं फॉर्म १ए सर्टिफिकेट लागतं. मुदत संपलेल्या लायसनवर अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. डॉक्टरकडं गेलातच तर मोतीबिंदू पण बघून घ्या, समोरच्या ट्रकचा अप्पर लागला की दोन सेकंद काहीच दिसत नाही असं होत असेल तर रात्रीची गाडी बंद, मग ती कोणती पण असो.

तर कोणाला कोणती. एकटे फिरणार, उंची पाच आठच्या वर, तब्येत ठणठणीत, लांबच्या ट्रिपा नक्की होणार, तर ४५०, लो सीट टाकून. उंची कमी किंवा गुडघा-कंबर कुरकुर करायलीय अन् फिरणं मराठवाड्यातच, फार तर कोकणापर्यंत, तर व्हीस्ट्रॉम, अन् मला आज नव्यानं घ्यायची असती तर मी पण तीच घेतली असती. आधीपासून वेगवान गाड्या चालवणाऱ्याला केटीएम. बजेट कमी अन् घाई नसलेल्याला ४११, शेवटच्या वर्षांतली, स्टिअरिंगचं बेअरिंग तपासून.

टेस्ट राईडला पोरगा म्हणेल सर एक चक्कर मारा. चक्कर नंतर मारा. आधी त्याला गाडी सोडायला सांगा, स्टँडवरून उचला, दहा पावलं मागं ढकला, हँडल पूर्ण वळवून यू टर्न घ्या पाय टेकत, परत स्टँडला लावा, उतरा, परत चढा, असं तीनदा. नेहमीचे बूट अन् जॅकेट घालूनच जा, चपलेवर जाऊन उपयोग नाही. तिसऱ्यांदा चढताना दम लागला तर त्याच शोरूममध्ये हलकी गाडी दाखवा म्हणा.